जिभेखालचा पापुद्रा

"मंजू, तोंड वाकडं कर."

आप्पांचा तो आवाज मंजूषा म्हेत्रेच्या कानात अजून तसाच आहे. दबका, मिशीतल्या मिशीत बोललेला. गुवाहाटीच्या लिलाव केंद्रातली नमुने चाखायची लांब खोली, टेबलावर बिनकानाच्या पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीत वेगळ्या मळ्याचा कोरा चहा, आणि तिच्या हातात पहिल्यांदाच आलेला चाखायचा खोलगट चमचा. आप्पांचं बघून तिनंही चहा सुर्रकन ओढला, टाळूवर खेळवला, पिंकदाणीत टाकला. आणि तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. तेवढ्यात वडलांचं कोपर बरगडीत बसलं.

"पलीकडं ठक्कर बघतोय. तुला आवडलं हे त्याला दिसलं, की उद्या तो भाव चढवणार. आवडला ना? मग कारलं चावल्यागत तोंड कर."

तिनं केलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात बरुआसाहेबांनी तो लॉट पुकारला. काय तो पुकारा! नावाड्यानं वल्हं मारावं तसा आकडा पुढं सरकायचा, क्षणभर पाण्यावर तरंगायचा, पुन्हा सरकायचा. मागच्या बाकांवरून छोटे व्यापारी ओरडायचे, "आधा इधर!" मोठ्या व्यापाऱ्यानं घेतलेल्या लॉटमधला अर्धा वाटा मागून घ्यायची ती रीत होती. बरुआसाहेब मान डोलवायचे, वाटणी करून द्यायचे, मग हातोडी. टक्. ठक्करशेठ गाफील राहिले, मिरजेच्या म्हेत्रे चहाला हवा तो माल मिळाला, आणि मंजूला जन्माचा धडा मिळाला. आवड झाकायची.

धडा असा मुरला की तो चाखायच्या टेबलावरून उठला आणि तिच्या घरात येऊन बसला. नवऱ्यानं हौसेनं आणलेली इरकल, शेजारणीनं पाठवलेली पुरणपोळी, लेकीचा पहिला नंबर, सगळ्याला एकच शेरा: "ठीक आहे." पॅकिंगच्या शेडमधल्या बायका तिला चांगल्या ओळखून होत्या. त्यातल्या हौसाबाईनं तर पुडे भरता भरता ओवीच रचली होती.

वाफ उठली वाटीची, बाई ओठाशी थांबली
आवडीची गं गोष्ट, मालकिणीनं झाकली

"हौसाबाई, ऐकू येतंय मला," मंजू आतून म्हणायची.

"मग? कशी झालीया?"

"ठीक आहे."

शेडभर हसू पसरायचं.

पुढं लिलावाचं सभागृह बंद झालं. बरुआसाहेबांच्या जागी पडदा आला, पुकाऱ्याच्या जागी आकडा. मिरजेत बसून बोली लावता येऊ लागली. प्रवास वाचला, वेळ वाचला, लपूनछपून चालणाऱ्या काही लबाड्याही संपल्या. खोटं कशाला बोला, त्यात चांगलंही होतं. फक्त यंत्राला 'आधा इधर' कळत नव्हतं. छोट्यांचा तो अर्धा वाटा आवाजाबरोबरच गेला.

तरी म्हेत्रे चहा टिकला. टिकला तो पाण्यामुळं. जत, सांगोला, मंगळवेढा हा सगळा कोरडा पट्टा. तिथलं बोअरचं पाणी क्षारानं जड. कोल्हापूरच्या नदीच्या पाण्यात जो चहा गातो, तो जतच्या पाण्यात मुका होतो; वर नुसती तेलकट साय धरते. म्हणून मंजूच्या टेबलाखाली गावागावांच्या पाण्याचे कॅन असत, आणि ज्या गावाला माल जायचा त्याच गावच्या पाण्यात ती नमुना उकळत असे. आणि त्या जड पाण्यातही कणखर उभा राहणारा चहा तिला एकाच ठिकाणी सापडला होता. आसामात, तिनसुकियाच्या बाजूला, जोनाली मोरान नावाच्या बाईच्या छोट्याशा कारखान्यात. परसात, भाताच्या बांधावर चहाची झुडपं लावणाऱ्या बायकांनी मिळून तो उभा केला होता.

दोघींनी एकमेकींना प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. पण दरवर्षी नव्या पाल्याचा पहिला लॉट लिलावाला लागला, की जोनालीचा फोन यायचा. एक मराठीत भिजलेली, एक असमियात भिजलेली, अशा दोघींच्या हिंदीत बोलणं व्हायचं.

"दीदी, या वर्षी कसा लागला?"

आणि मंजू, जिच्या टाळूवर त्या क्षणी सारं तिनसुकिया दरवळत असायचं, ती म्हणायची, "ठीक आहे. चालेल." विकणारीला 'चांगला' म्हटलं की पुढच्या वर्षी तिची किमान किंमत चढणार. आप्पा तर केव्हाच गेले होते, पण त्यांचं कोपर बरगडीत होतं.

जोनाली दरवेळी हसून म्हणायची, "बरं दीदी. पुढच्या वर्षी अजून चांगला करून बघू."

मग पापुद्रा आला.

मंजूची मुलगी केतकी पुण्याला 'रसवेध' कंपनीत होती. देशातले बहुतेक चहाचे लिलाव आता रसवेधच चालवत असे. तिनंच तो आणून आईच्या तळहातावर ठेवला. कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, पारदर्शक, हलवला तर जरासा चमकणारा. कंपनीनं नाव काहीतरी भारी दिलं होतं; बाजारात सगळे पापुद्राच म्हणत.

"जिभेखाली चिकटवायचा आणि नेहमीसारखं चाखायचं," केतकी म्हणाली. "फवारणीचा अंश, बुरशी, भेसळ, सगळं घोटाभरात कळतं. आता प्रयोगशाळेला नमुने पाठवून वाट बघत बसायला नको."

"जिभेला टोचतो का?"

"छे गं. वाटी विसळायच्या आत तू विसरशील."

आणि खरंच ती विसरली. पुढं नियमच झाला, पापुद्रा लावून चाखल्याशिवाय बोली लावता येत नाही. तोही कुणाला खटकला नाही. भेसळ कुणाला हवी असते?

खटकलं ते दुसऱ्याच वर्षी. जोनालीचा लॉट तिच्या हातून गेला. मग दुसरा गेला. दरवेळी अगदी थोडक्यात जायचा. आपण कुठं थांबणार हे मंजू आधी मनाशी ठरवायची. त्या आकड्याच्या अंगुळभर पुढं जाऊन समोरचा घ्यायचा. कोण घ्यायचं? पडद्यावर नाव यायचं, रसवेध भांडार. आठवडा उलटला की तोच चहा भांडाराकडून वाढीव भावानं विकायला यायचा.

जतच्या स्टँडवर टपरी चालवणाऱ्या पारूबाईचा फोन आला. "मंजूताई, ह्ये काय पाठीवलंय? पाण्याला नुसता रंग दिल्यागत. गिऱ्हाईक अर्धा कप ठिवून उठतंय."

"या खेपेला तो माल हुकला, पारूबाई."

"मग पुढल्या खेपेला न्हाई हुकला म्हंजे बरं. न्हाईतर मी पुडा बदलती बगा. तोंडावर सांगितलेलं बरं."

त्याच आठवड्यात जोनालीचाही फोन आला. आवाजात नेहमीचं हसू नव्हतं. "दीदी, आमचं आता होत नाही. लिलावात भाव चढलेला दिसतो, आमच्या हातात मात्र तळाचा येतो. या वर्षीचा पहिला लॉट तेवढा लावतोय. तोही असाच गेला तर कारखाना बंद. बायका म्हणतात, हिरवा पाला मोठ्या कारखान्याला घालू आणि गप्प बसू."

"चढलेला भाव तुला कसा मिळत नाही?"

"रसवेधनं आधीच आमच्याशी करार केलाय ना. लिलावात लॉट गेला की आम्हाला ठरलेलाच दर. वरचा त्यांचा. सही केली तेव्हा घरात आजारपण होतं, दीदी. त्यांना कसं कळलं कोण जाणे. नेमका तेव्हाच त्यांचा माणूस आला."

फोन ठेवून मंजू उठली. जोनालीच्या नव्या लॉटचा नमुना सकाळीच ड्रोननं गोदामाच्या गच्चीवर उतरला होता. लिलाव अजून आठवड्यावर होता, पण अपेक्षित भावाचा आकडा पडद्यावर दिसत होता. तिनं आधी हौसाबाईला बोलावलं, जतच्या पाण्यात चहा उकळला आणि पापुद्र्याशिवायच वाटी तिच्या हातात दिली.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ओढा नुसता."

हौसाबाईनं ओढला, आणि थुंकायचं सोडून गिळूनच टाकला. "आगं बया! ह्यो तर..."

"बोलू नका काही." मंजू पडद्याकडं बघत होती. आकडा जागचा हलला नाही. मग तिनं जिभेखाली पापुद्रा बसवला आणि स्वतः चमचा ओढला. सवयीनं कारलं चावल्यागत तोंड केलं. बोली नाही, कुठं टिपण नाही, कुणाला शब्द नाही. पिंकदाणी खाली ठेवेपर्यंत पडद्यावरचा आकडा चढला होता.

हौसाबाईलासुद्धा ते दिसलं. "मालकीण, ह्याला तुमच्या पोटातलं कळतंय व्हय?"

रविवारी केतकी मिरजेला आली. मंजूनं तिला चहाही विचारला नाही. सरळ टेबलापाशी उभं केलं आणि काय झालं ते सांगितलं. केतकी खाली बघत ऐकत राहिली. तिला ठाऊक होतं हे त्यावरूनच कळलं.

"सांग मला. कसं कळतं त्याला?"

केतकीनं टेबलावरचा पापुद्रा बोटाच्या टोकावर घेतला. "जिभेखाली रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी लगत असतात, आई. चव आवडली की त्या किंचित फुलतात. लाळेच्या गाठी पाझरतात, गिळायचे स्नायू तयारीला लागतात. आवडलं हे आपल्या डोक्याला कळायच्या आधी हे सगळं होऊन गेलेलं असतं. भेसळ मोजणारे सेन्सर हेही मोजतात. चेहऱ्याला शिकवता येतं. लाळेला येत नाही."

"आणि मी कुठं थांबणार हे?"

"तुझे मागचे सगळे सौदे त्यांच्याकडं आहेत. आवड किती आणि तेव्हा तू कुठवर गेलीस, हे जोडलं की पुढचा आकडा निघतो. आमच्याकडं त्याला भावशोध म्हणतात."

"चोराची आळंदी! भावशोध म्हणे!" मंजूचा आवाज शेडपर्यंत गेला, पुडे भरणारे हात थांबले. "तिकडं त्या बाईची अडचण मोजायची, इकडं माझी आवड मोजायची, आणि मधली सगळी जागा आपल्या घरात ओढायची. याला शोध म्हणता तुम्ही? आप्पांच्या काळात ठक्कर माझ्या तोंडाकडं बघायचा. बघू दे, बाजारात डोळे सगळ्यांनाच असतात. पण तो तोंडात हात घालत नव्हता!"

"करारात लिहिलंय, आई. प्रतिसाद वापरायला संमती..."

"संमती मी चहा तपासायला दिली होती. मला तपासायला नाही."

केतकीनं पापुद्रा खाली ठेवला. "पापुद्र्यानं केलेलं तुझं वाचन मी बघितलंय. गेल्या दिवाळीतलं. नमुने चाखून तू तशीच उठलीस, पापुद्रा जिभेखालीच होता. मी आलं ठेचून चहा केला होता. तू एक घोट घेतलास आणि म्हणालीस, 'ठीक आहे.' आई, ती रेष अशी वर गेली होती, की आमच्या साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं."

मंजूला आधी लाज आली, मग लाजेचाच राग झाला. "तू माझ्या तोंडात डोकावलीस."

"तू कधी उघडलंस का ते?" केतकीचे डोळे भरले होते, पण ती हटली नाही. "शाळेत होते तेव्हापासून मी तुझ्यासाठी चहा करतेय. तो तुला आवडतो हे मला कंपनीच्या आलेखावरून कळावं?"

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. शेडमधून पुन्हा पुड्यांची खसखस सुरू झाली.

केतकी डोळे पुसून म्हणाली, "त्या यंत्राचा सगळा धंदा एकाच गोष्टीवर चालतो, आई. जे फक्त त्याला ठाऊक आहे आणि बाकीच्यांना नाही, तेच त्याला विकता येतं. माणसानं मनातलं चारचौघांत बोलून टाकलं, की त्याच्या हातात काही उरत नाही. पण व्यापारी बोलतच नाहीत. तुझ्यासारखेच सगळे."

"बोलायचं कुठं? पडद्यापुढं?"

"हरकतीचं बटण आहे. जुन्या कायद्यातलं, काढता येत नाही. लॉट उघडायच्या आधी कुठल्याही खरेदीदाराला गुणवत्तेबद्दल हरकत घेता येते, स्वतःच्या आवाजात, आणि ती सगळ्यांना ऐकवावी लागते. तीन हरकती आल्या की लॉट लिलावातून बाद. मग भांडाराला घेता येत नाही, त्यांचा करारही त्या लॉटपुरता सुटतो. विकणारा कुणालाही थेट विकू शकतो." तिनं आवाज खाली आणला. "हे मी सांगितलं हे कळलं तर माझी नोकरी जाईल."

तोंडाशी आलेलं काहीतरी मंजूनं गिळलं. "जेवून जा," एवढंच म्हणाली.

लिलावाच्या दिवशी शेडमधल्या बायका एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर देशभरच्या खरेदीदारांचे ठिपके, कोपऱ्यात विकणारीचा चौकोन. त्यात जोनाली. मंजूनं तिला पहिल्यांदाच बघितलं. सावळी, पिकल्या केसांची, अंगावर लाल काठाची मेखला-चादर. सणाला बसावं तशी नेसून बसलेली.

मंजूनं जिभेखालचा पापुद्रा सोलून बशीत टाकला आणि बटण दाबलं.

क्षणभर पडदाच गोंधळला. मग एका तरुण अधिकाऱ्याचा आवाज आला. "मिरज, चुकून दाबलं गेलं का?"

"नाही. माझी हरकत आहे."

"कशाबद्दल? कीड, बुरशी, वास?"

"मी मंजूषा म्हेत्रे. हा लॉट मला हवाय. किलोला चारशे दहापर्यंत मी जाणार, त्यापुढं नाही. हा आकडा रसवेधला आठवड्यापूर्वीच ठाऊक झालाय. माझ्या लाळेतून काढलाय त्यांनी. आज तुम्हा सगळ्यांना मी फुकट सांगते."

"मॅडम, हरकत फक्त गुणवत्तेबद्दल..."

"ऐका हो जरा! तुम्ही सगळे कोरं तोंड करून बसलाय आणि तुमच्या प्रत्येकाच्या जिभेखाली एक फितूर बसलाय. तुमची आवड तुमची राहिलेली नाही. ती आधी विकली जाते आणि मग तुम्हालाच परत विकतात. ज्या बाईनं हा चहा केला, तिच्या हातात त्यातलं काही पडत नाही. मी आयुष्यभर तोंड वाकडं करून चहा घेतला. माणूस माणसाशी खेळायचा तो डाव होता, हरलं तरी हसता यायचं. हा डाव नाही. ही घरफोडी आहे, आणि घर म्हणजे आपलं तोंड!"

अधिकारी म्हणाला, "बटण दाबलं की हरकत नोंदली जातेच. पण एकच, पुरेशी नाही. लॉट उघडतो..."

"थांबा." थकलेला, जाड काठेवाडी सूर. "बडोदा बोलतोय. धीरज ठक्कर. माझे वडील सांगायचे, गुवाहाटीत म्हेत्रेंच्या पोरीनं तोंड वाकडं केलं की चांगला लॉट हातचा गेला." तो खोकल्यासारखं हसला. "मी तीनशे नव्वदला थांबणार होतो. माझीही हरकत. आणि मंजूबेन, तो थेट घेतलात तर, आधा इधर."

किती वर्षांनी ऐकले ते दोन शब्द! मंजूला वाटलं, कुठंतरी बंद सभागृहाच्या खिडक्या कुणी उघडल्या. तेवढ्यात इंदूरचा ठिपका पेटला. "माझीही."

पडद्यावरचा भाव अडखळला, खाली आला, पुसला गेला. लॉटच्या नावावर लाल पट्टी आली: हरकतींमुळं बाद.

दारातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. हौसाबाईनं कानशिलांवर बोटं मोडली. पण मंजूचं लक्ष कोपऱ्यातल्या चौकोनाकडं होतं. तिथं जोनाली पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. भाषणातली मराठी वळणाची हिंदी तिला निम्मीच कळली होती. 'हरकत' आणि 'बाद' एवढे दोन शब्द मात्र पुरते कळले होते. चहाच्या धंद्यात त्यांचा एकच अर्थ असतो. लगेच फोन वाजला.

"दीदी," जोनालीनं विचारलं, "काय खोट निघाली? बायकांनी अंगठ्यानं पारखून पान न् पान खुडलंय. मी स्वतः रात्रंदिवस वाळवणावर बसले होते. तुम्हीच हरकत घेतली? इतकी वर्षं तुम्ही म्हणायचात ठीक आहे, चालेल. मला वाटायचं, अजून काहीतरी कमी आहे. दरवर्षी आम्ही ते शोधत होतो. आज तरी सांगा दीदी, काय कमी आहे?"

मंजूच्या बरगडीत कोपर बसलं. तीच जुनी जागा. ओठ सवयीनं वाकडे व्हायला निघाले. समोर बशीत पापुद्रा सुकून चुरमडला होता. त्यानं हे केव्हाच परक्यांना सांगून टाकलं होतं. जिला सांगायचं होतं, ती मात्र तिकडं इतकी वर्षं खोट शोधत बसली होती. मंजूनं ओठ सरळ केले.

"जोनाली, काही कमी नाही. तुझा चहा चांगला आहे, बाई. इतका चांगला चहा माझ्या जिभेला दुसरा लागला नाही. पहिल्या वर्षापासून चांगला होता."